सुई, शिपाई आणि संशय

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. सर्पदंशावरील प्रतिविष, श्वानदंशावरील लस, पोलिओचे डोस अशा कितीतरी गोष्टींशी हे नाव जोडले गेले आहे. मात्र ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते गृहस्थ कोण होते, मुंबईत कसे आले आणि भारतातून कोणत्या परिस्थितीत परत गेले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. वाल्डेमार हाफकिन यांनी पटकी आणि प्लेग या दोन प्राणघातक रोगांवर लस तयार केली आणि दोन्ही वेळा ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. एवढे करूनही त्यांचे निम्मे आयुष्य लोकांना आणि सरकारला ती लस पटवून देण्यात गेले. लस तयार आहे, रोग दारात उभा आहे आणि तरीही माणसे दंड पुढे करायला तयार नाहीत, हा अनुभव जगाने २०२१ मध्ये पुन्हा घेतला. हाफकिन यांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी भारतात घेतला होता.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हा सिद्धांत मांडून मेचनिकॉव्ह पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हाफकिन प्राणिशास्त्राचे विद्यार्थी होते. पण झारशाहीच्या रशियात एका ज्यू तरुणाला केवळ अभ्यासात बुडून राहणे शक्य नव्हते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. क्रांतिकारक मंडळींशी असलेल्या संबंधांमुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर कायम राहिली. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात त्यांनी काही वर्षे संशोधन केले, परंतु धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. धर्म बदलण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८८ मध्ये देश सोडला.

जिनिव्हात वर्षभर काम केल्यावर ते पॅरिसला गेले. मेचनिकॉव्ह तेव्हा लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत होते. तेथे एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. दिवसा पुस्तके सांभाळायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे आणि मन थकले की व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा क्रम होता. याच काळात पटकीच्या जंतूंनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. १८९२ मध्ये रशियात आणि हॅम्बुर्गमध्ये पटकीने थैमान घातले होते. या जंतूंवर लस निघू शकत नाही, असे मानणारे शास्त्रज्ञ बरेच होते. स्पेनमध्ये काही वर्षांपूर्वी झालेला प्रयत्न वादात सापडला होता. हाफकिन यांनी गिनिपिगच्या शरीरातून जंतू पुन्हा पुन्हा नेऊन त्यांचे एक अतितीव्र वाण तयार केले आणि दुसरीकडे उष्णतेच्या साह्याने एक सौम्य वाण. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र, अशा दोन टोचण्या द्यायच्या ही त्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखले आणि उतरले. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही ती टोचून घेतली.

लस माणसाला अपाय करत नाही, एवढे यातून सिद्ध झाले होते. ती रोगापासून वाचवते का, हे ठरवायचे तर जेथे पटकी घर करून बसली आहे अशा प्रदेशात जाणे भाग होते. असा प्रदेश म्हणजे गंगेचे खोरे. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने मार्ग मोकळा झाला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला उतरले. ते रशियन होते, ज्यू होते, शिवाय वैद्यकाची पदवी नसलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. हिंदुस्थानातील इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बंदिस्त वर्तुळात या तिन्ही गोष्टी त्यांच्या विरोधात जाणाऱ्या होत्या. मध्य आशियातील रशियाच्या हालचालींवर ब्रिटिश सरकार डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून असताना गावोगाव फिरणारा हा रशियन हेर तर नाही ना, अशी शंकाही काहींना आली.

आग्र्यापासून सुरुवात करून वर्षभरात त्यांनी उत्तर हिंदुस्थानात सुमारे पंचवीस हजार लोकांना टोचले. त्यांत लष्करातले शिपाई होते, तसेच सामान्य नागरिकही होते. मात्र सर्वांत मोलाचा अनुभव त्यांना १८९४ मध्ये कोलकात्याच्या बस्त्यांत मिळाला. काठाळबागान या बस्तीत तलावाच्या पाण्यातून पटकी पसरली होती. हाफकिन तेथे गेले तेव्हा जमावाने दगड फेकले. त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर होते. सर्वांच्या देखत आधी आपसांत टोचून घेऊन त्यांनी लोकांना धीर दिला, असे सांगितले जाते. हळूहळू माणसे पुढे आली. वस्तीतल्या सुमारे दोनशे जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढच्या दिवसांत तेथे पटकीचे जे रुग्ण आढळले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. ही बातमी सरकारी पत्रकाविना वस्त्यावस्त्यांत पोहोचली. मजूर कामावर जाण्यापूर्वी पहाटे आणि परतल्यावर संध्याकाळी हाफकिन यांची मंडळी बस्तीत हजर असत. रोजंदारी बुडवून कुणी लस घ्यायला येणार नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती.

याच काळात त्यांनी एक पद्धत पक्की केली. एकाच बस्तीत, एकाच तुरुंगात, एकाच चहामळ्यात, शक्य तर एकाच घरात काहींना टोचायचे आणि काहींना नाही, मग दोघांची तुलना करायची. सर्वांचे पाणी एक, अन्न एक, धोकाही एक. अशा तुलनेतून निघणारा निष्कर्ष नाकारणे अवघड असते. लशींच्या चाचण्यांचे जे शास्त्र आज विकसित झाले आहे, त्याच्या आरंभीच्या पावलांत हाफकिन यांच्या या नोंदींची गणना होते. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले. तोवर चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी पटकीची लस दिली होती. पुढच्याच वर्षी ते परत आले आणि आल्यावर त्यांची गाठ प्लेगशी पडली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काखेत आणि जांघेत गाठी येऊन माणसे मरू लागली. हा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. आठ लाखांवर वस्तीच्या या शहरात भीतीची लाट पसरली आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, हीच त्यांची प्रयोगशाळा. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवताना वर तुपाचे थेंब सोडले की जंतूंचे धागे छताला लोंबणाऱ्या लवणस्तंभांसारखे खाली उतरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा तऱ्हेने वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस करायची, ही त्यांची युक्ती. रश्शासाठी त्यांनी बोकडाचे मांस वापरले. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते, तर हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांनी लशीकडे पाठ फिरवली असती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना देण्यात येणाऱ्या मात्रेपेक्षा ती कितीतरी अधिक होती. तापाने फणफणलेल्या अवस्थेतही त्यांनी आपल्या लक्षणांची नोंद ठेवली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना टोचण्यात आले. त्यानंतरच्या आठवड्यात लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, पण दोघेही वाचले. त्या वर्षी पोर्तुगीज सत्तेखालील दमणमध्ये लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ प्लेगने मेले, तर लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी १८९८ मध्ये घरटी निम्म्या माणसांना टोचून पाहिले, तेव्हाही हाच कौल मिळाला.

आकडे इतके स्पष्ट असताना लस घ्यायला रांगा लागायला हव्या होत्या. तसे झाले नाही. याचे कारण शोधायचे तर त्या काळातील सरकारी उपायांकडे पाहावे लागते. मुंबईच्या पालिकेने ऑक्टोबर १८९६ मध्येच घरात शिरून रुग्णाला उचलून नेण्याचे अधिकार घेतले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. घरे धुणे, छपरावरची कौले उतरवणे, सामान जाळणे, रुग्णाच्या नातलगांना छावणीत नेऊन ठेवणे, रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासणे, असे प्रकार सर्रास सुरू झाले. स्त्रियांची तपासणी हा तर समाजाच्या जिव्हारी लागणारा विषय होता. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने मार्च ते मे १८९७ या काळात सैनिकांकरवी घराघरांची झडती घेतली. देवघरे, माजघरे, स्वयंपाकघरे यांत बूट घालून शिपाई शिरले. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. बरोबरचे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, तर रँड ३ जुलैला मरण पावले. चापेकर बंधू फासावर गेले आणि केसरीतील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला.

प्लेगच्या भीतीने पुणे बंद पडले असतानाही रुग्णांना सोडून न जाणारी माणसे याच शहरात होती. रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला. म्हणजे विरोध होता तो रोगाशी लढण्याला नव्हे, लढण्याच्या रीतीला. मात्र दारात उभ्या असलेल्या सामान्य माणसाला सरकारी झडती, सरकारी छावणी आणि सरकारी सुई यांत फरक करणे कठीण होते. रुग्णालयात नेलेला माणूस क्वचितच परत येई. त्यावरून अफवा उठत. मुंबईत राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली, तिची भरपाई म्हणून सरकारला माणसांचे बळी हवे आहेत, असे बोलले जाई. लशीबद्दल तर कहाण्यांना अंतच नव्हता. सुई हातभर लांब असते, टोचल्यावर पुरुषाचे पौरुष जाते आणि स्त्रीला मूल होत नाही, सहा महिन्यांनी माणूस अचानक कोसळतो, टोचून घेणारा साहेब अर्ध्या तासात मेला, अशा वावड्या पुढे पंजाबपर्यंत पसरल्या.

अफवांना बाजूला ठेवले तरी लस नाकारण्याची साधी, व्यवहारी कारणेही होती. टोचल्यावर दोन दिवस ताप येई, दंड सुजे आणि हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडे. लशीचा प्रभाव काही महिनेच टिके, त्यामुळे पुढच्या साथीत पुन्हा दंड पुढे करावा लागे. शिवाय लस घेतलेल्यांतही काहींना प्लेग होई आणि असे एक उदाहरण गल्लीतल्या शंभर वाचलेल्यांपेक्षा अधिक बोलके ठरे. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणाच्या काही नियमांतून सूट देण्याचा मार्ग सरकारने अवलंबला. त्यामुळे काही लोक लशीकडे वळले, पण रोगाच्या भीतीपेक्षा छावणीच्या भीतीने.

हाफकिन यांची भूमिका या सगळ्यात वेगळी होती. टोचणी सक्तीची करण्यास त्यांचा विरोध होता. माणसाने समजून-उमजून लस घ्यावी आणि शेजाऱ्याने त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहावा, हाच प्रसाराचा मार्ग आहे, अशी त्यांची धारणा होती. तिला बळ मिळाले ते समाजातील मान्यवरांकडून. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी अनुयायांच्या देखत एकाहून अधिक वेळा लस टोचून घेतली आणि माझगाव येथील आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. मुंबईतील खोजा समाजात मोठ्या संख्येने टोचणी झाली आणि त्याचा लाभ मृत्यूच्या नोंदींत स्पष्ट दिसला. कर्नाटकातील हुबळीत १८९८ मध्ये बहुसंख्य लोकांनी लस घेतली. याउलट त्याच वर्षी ९ मार्चला मुंबईत एका जुलाहा मुलीला नेण्यासाठी प्लेगचे पथक आले, त्यावरून दंगल उसळली आणि गोळीबारापर्यंत वेळ गेली. एकाच वर्षातील ही दोन चित्रे बरेच काही सांगून जातात.

या दंगलीनंतर सरकारने हळूहळू सक्तीचा हात आखडता घेतला. घरझडत्या मागे पडल्या, खासगी आणि ज्ञातीच्या रुग्णालयांना वाव मिळाला. प्लेगचा उंदरांच्या पिसवांशी असलेला संबंध पॉल लुई सीमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या उपायांपायी लोकांची घरे उघडी पडली, त्यांतील अनेक उपाय रोगाच्या मुळाशी जाणारे नव्हतेच. जंतुनाशकांनी घर धुतले की उंदीर शेजारच्या घरात जात आणि प्लेग त्यांच्याबरोबर. लोकांचा राग केवळ अज्ञानातून आलेला नव्हता, हे इतिहासाने उशिरा मान्य केले.

हाफकिन यांना मात्र चांगले दिवस आले होते. १८९७ मध्ये त्यांना सीआयई हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. ज्या दालनांत पूर्वी मेजवान्या झडत, तेथे आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. मागणी देशभरातून येत होती. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचण्याची योजना आखली, तेव्हा उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी लस बनवण्याच्या प्रक्रियेत काही बदल केले. कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी त्यांत गळली. उष्णतेने निर्जंतुक केलेल्या लशीला त्याची गरज नाही, असे त्यांचे शास्त्रीय मत होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभरातच त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. या एकोणीस जणांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही काही झाले नाही. तरीही पंजाबातील मोहीम कोसळायला एवढी बातमी पुरेशी होती. ज्यांनी भीत भीत लस घ्यायचे ठरवले होते, त्यांनी पाठ फिरवली आणि जे आधीपासून संशय घेत होते, त्यांना पुरावा मिळाला.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, ती दूषित झाली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले. आयोगापुढे आलेल्या पुराव्यातच एक वेगळी गोष्ट होती. मलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. बाटली आधीपासून दूषित असती, तर कित्येक आठवड्यांत जंतू वाढून तिला दुर्गंधी सुटली असती. तशी दुर्गंधी आल्याची नोंद नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही पुराव्याची छाननी करून हाफकिन यांच्या बाजूने मत दिले. सरकारी यंत्रणा मात्र हलली नाही.

अखेर शास्त्रज्ञच पुढे सरसावले. मलेरियाच्या डासाचा शोध लावून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. एका निरपराध शास्त्रज्ञावर अन्याय झाला आहे, तसेच या ठपक्यामुळे लोकांचा लशीवरील विश्वास उडून माणसे मरत आहेत, असा त्याचा रोख होता. या प्रकरणाला फ्रान्समधील ड्रायफस खटल्याची छोटी आवृत्ती म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश संसदेतही प्रश्न उपस्थित झाले. वर्ष संपण्याच्या सुमारास हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले. दुर्दैवाचा भाग असा की, त्याच १९०७ मध्ये प्लेगने पंजाबात अभूतपूर्व संहार केला. एकट्या त्या प्रांतात सहा लाखांच्या आसपास माणसे मेली. लशीवर विश्वास टिकला असता तर त्यांतील किती वाचली असती, याचा हिशेब आता मांडता येणार नाही.

हाफकिन परत हिंदुस्थानात आले, पण परळची खुर्ची दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कोलकात्याच्या जैविक प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले. तेथे लस उत्पादनाची सोय नव्हती आणि त्यांच्या कामाचा जीव तर लस आणि लोक यांच्यात गुंतलेला होता. मृत जंतूंपासून पटकीची अधिक सुरक्षित लस तयार करावी, या त्यांच्या विचाराला सरकारकडून उत्तेजन मिळाले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ ज्यू जीवनाकडे वळले. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या संस्थांसाठी त्यांनी आपली संपत्ती निधीच्या रूपाने ठेवली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात काढली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले.

मृत्यूच्या पाच वर्षे आधी एक समाधान त्यांच्या वाट्याला आले होते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. ज्या इमारतीत दूषित बाटली भरली गेल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला, त्याच इमारतीवर त्यांचे नाव लागले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. स्वतंत्र भारताने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

१८९७ चा साथरोग कायदा मात्र हाफकिन यांच्या लशीपेक्षा दीर्घायुषी ठरला. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्याच कायद्याचा आधार घेतला. टाळेबंदी, विलगीकरण, प्रवासाचे पास, पोलिसांच्या काठ्या आणि त्यानंतर आलेली लस, हा क्रम शंभरवर वर्षांपूर्वीच्या मुंबई-पुण्याला अनोळखी वाटला नसता. जानेवारी २०२१ मध्ये देशात लसीकरण सुरू झाले. आरंभी अनेक ठिकाणी आलेल्यांपेक्षा न आलेल्यांची चर्चा अधिक झाली, मग दुसऱ्या लाटेत केंद्रांबाहेर रांगा लागल्या आणि लाट ओसरल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेसाठी लोकांना पुन्हा आठवण करून द्यावी लागली. वंध्यत्वाच्या, अचानक मृत्यूच्या अफवाही नव्या वेशात परत आल्या.

हाफकिन यांच्या चरित्रातून यावर कोणताही तयार तोडगा मिळत नाही. त्यांची लस चांगली होती, तरी ती परिपूर्ण नव्हती. मलकोवालला नेमके काय घडले, हे सरकारने वेळीच प्रामाणिकपणे सांगितले असते, तर एका शास्त्रज्ञाची अब्रू वाचली असती आणि मोहिमेचेही काही वाचले असते. बाकी काठाळबागानच्या बस्तीत, भायखळ्याच्या तुरुंगात आणि उंढेऱ्याच्या घराघरांत जे घडले, ते शिपायाविना घडले. आधी स्वतःच्या दंडात सुई, मग शेजाऱ्याच्या देखत टोचणी, मग जगलेल्यांची आणि मेलेल्यांची उघड मोजदाद, एवढ्या तीन पायऱ्यांवर हाफकिन यांनी लोकांचा विश्वास मिळवला होता. मलकोवालच्या एका बाटलीने तो गेला आणि परत यायला किती वर्षे लागली, याची साक्ष पंजाबातील मृत्यूंच्या नोंदवह्या देतात.